खिडकीजवळचा माग

"पमाच्या शेजारी बस," वामनतात्या तिला म्हणाले. "हात आपोआप बसेल."

मी धोट्यात रेशीम गुंडाळलेली नवी कांडी भरत होते. मान वर केली तर तात्यांच्या मागे एक उंच, सावळी बाई उभी होती. चपला दाराशी काढायच्या असतात म्हणून तिने काढल्या होत्या खऱ्या, पण तिथे न ठेवता हातात धरून आत आणल्या होत्या. येवल्यात कोणी चपला चोरत नाही बाई, असं मी मनातल्या मनात म्हटलं, आणि तिच्याबद्दलचं माझं मत तिथेच वाईट झालं. पुढे ते सुधारावं असं मलाही कधी वाटलं नाही.

तिचं नाव सुमित्रा. पैठणला शिकलेली, नवऱ्याची बदली झाली म्हणून इकडे आलेली. भाड्याच्या दोन खोल्यांत माग मावेना, म्हणून आमच्या शेडमध्ये. आमचं सगळ्यांचंच तसं होतं. पैठणीचा माग अर्धी खोली खातो, शिवाय पाय सोडायला खाली खड्डा लागतो. जो घरमालक भिंतीला खिळा ठोकू देत नाही तो खड्डा कुठला खणू देणार? म्हणून विणकरांच्या सोसायटीने कापसाचं एक जुनं गोदाम घेऊन त्यात माग बसवले होते. मागाला माग लागून, मधून जेमतेम एक बाई तिरकी होऊन जाईल एवढी वाट. तात्या स्वतः जुने विणकर. खांदा गेल्यापासून ते शेड सांभाळायचे, आणि कोणी कुठे बसायचं ते तेच ठरवायचे.

आता हात बसणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. आडवा धागा टाकला की फणी पुढे ओढून तो ठोकून बसवावा लागतो. किती जोराने ठोकायचा, एकदा की दोनदा, मध्ये किती थांबायचं, हे प्रत्येकीचं निराळं. त्यालाच आम्ही हात म्हणतो. रेशीम तेच, माग तोच, पण दोघींचं कापड बोटांना वेगळं लागतं. नव्या बाईचा हात कच्चा असतो. तिला पक्क्या हाताच्या शेजारी बसवलं की दिवसभर तो ठोका कानावर पडून पडून तिचा ठोकाही तसा पडायला लागतो. शिकवावं लागत नाही. कान शिकतात.

आणि आमच्या शेडमध्ये पक्का हात म्हणजे माझा. एक दणका, आणि लगेच त्याला पक्कं करणारा दुसरा, छोटा. धाड-टक, धाड-टक. माझ्या डाव्या हाताला इंदू बसायची, तिने तो माझ्याकडूनच घेतला होता, अगदी हुबेहूब. पलीकडच्या ओळीतल्या दोघींनीही. व्यापारी यायचे ते सरळ माझ्या मागाशी यायचे, कापडावर हात फिरवायचे आणि म्हणायचे, हा पमाताईंचा हात. मी मान खाली घालून हसायची. मान खाली घातली म्हणून हसू दिसायचं नाही असं नाही.

तेव्हा सुमित्रा माझ्या उजव्या हाताला बसली आणि मी वाट बघायला लागले.

तिने ताणा, म्हणजे उभे धागे, नीट केला, पदर खोचला, आणि पहिला ठोका टाकला. टाकला म्हणजे खरंच टाकला. फणी ओढली नाही, नुसती सोडली. ती आपल्या वजनाने आली, धाग्याला लागली आणि थांबली. एकच ठोका. मी दुसऱ्याची वाट बघत राहिले. तो आलाच नाही. मग जरा थांबून पुढचा धागा, पुन्हा तेच. टप्प. आणि मग काही नाही.

त्या काही नाहीने माझं डोकं उठवलं. जिन्याची पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं दर वेळी व्हायचं.

दोन-तीन दिवस मी गप्प राहिले. मग मोठेपणाने सांगायला गेले की आमच्याकडे दोनदा मारतात, कापड घट्ट होतं. ती धागा जोडत होती. जोडून झाल्यावर म्हणाली, "दोनदा मारलं की धागा चिडतो, पमाताई."

"चिडतो?"

"व्हय. एकदा बसलेल्याला परत कशाला ढकलायचं?"

मी इंदूकडे बघून डोळे फिरवले. धागा चिडतो म्हणे. धाग्याला काय सासू आहे? इंदू हसली, मीही हसले, पण सुमित्राने पुढचा ठोका टाकला आणि माझं हसणं मध्येच अडकलं.

आता खिडकीचं सांगते, कारण सगळं त्या खिडकीपाशी येऊन थांबतं. आमच्या गोदामाला उत्तरेला एकच मोठी खिडकी होती. बाकी शेडमध्ये ट्यूबलाइट. ट्यूबखाली जांभळा आणि काळा सारखेच दिसतात. किती वेळा मी मोराच्या गळ्यात काळं रेशीम भरून संध्याकाळी बाहेर आणून बघितलंय आणि दुसऱ्या दिवशी सगळं उसवलंय. डोळे दुखून रात्री पाणी यायचं. खिडकीजवळच्या मागाला मात्र दिवसभर उत्तरेचा शांत उजेड, ऊन नाही, सावली नाही. तिथे गोदाक्का बसायच्या, आमच्या सगळ्यांत जुन्या. त्या चैत्रात विणणं सोडून लेकीकडे गेल्या. तेव्हापासून त्या मागावर पांढरी चादर टाकून ठेवलेली होती. खिडकी एकदा मिळाली की विणणं सोडेपर्यंत तुमची. खंडेनवमीला कोणाची ते ठरणार होतं, आणि ती माझी हे शेडमधल्या पालीलाही ठाऊक होतं.

सुमित्रा आली नसती तर.

पावसाळा लागला तसा फरक दिसायला लागला. तात्या रोज सकाळी मागांमधून एक फेरी मारायचे, प्रत्येकीच्या कापडावर बोटं फिरवून पुढे जायचे. सुमित्राच्या कापडावर त्यांची बोटं जायची आणि परत यायची. ते काही बोलायचे नाहीत. बोलले असते तर बरं, मी काहीतरी उत्तर दिलं असतं. मग एके दिवशी पेठेतला एक व्यापारी आला. माझ्या मागाशी आला, माझ्या कापडाला हात लावला, मान डोलावली आणि उजवीकडे वळला. सुमित्राच्या मागाशी तो किती वेळ उभा होता ते मी सांगत नाही, कारण मी धोटा खाली पाडून शोधण्याचं नाटक करत होते.

मला पोटात दुखायला लागलं. उगाच गोडगोड बोलत नाही, सरळ सांगते. तिचं सगळं मला खुपायला लागलं. ती डब्यात शेंगदाण्याची चटणी आणायची आणि सगळ्यांना वाढायची, ते खुपायचं. ती कोणाबद्दल वाईट बोलायची नाही, ते तर फारच. चुकून तिचा धागा तुटला की मला बरं वाटायचं, आणि ती न चिडता जोडायला बसली की ते बरं वाटणं पार निघून जायचं. तिचं कापड मी कधी हात लावून बघितलं नाही. हात लावला असता तर बोटांनी जे सांगितलं असतं ते मला ऐकायचं नव्हतं.

तिचा ठोका तरी ऐकू येऊ नये म्हणून मी माझा जोरात मारायला लागले. मी जोरात मारला की ती आणखी हळू. मी आणखी जोरात. शेवटी इंदू म्हणाली, "पमे, साडी विणतीयेस का दार फोडतीयेस?"

मी जोर सोडला आणि तात्यांकडे गेले. म्हटलं, तिला दुसरीकडे बसवा, माझं लक्ष लागत नाही. तात्या सुपारी कातरत होते. त्यांनी सांगितलं की दसऱ्यापर्यंत माग हलणार नाहीत, खिडकीचं ठरलं की मग बघू. आणि वर विचारलं, तिचा हात अजून बसला नाही का तुझ्यासारखा? मी नाही म्हटलं. ते सुपारीकडे बघत म्हणाले, मग कोणाचा तरी बसत असेल. मला त्यातलं काही कळलं नाही. म्हातारे लोक बोलतात तसं काहीतरी, असं म्हणून मी सोडून दिलं.

घरी एकदा आमचे हे जेवायला बसले होते. हे डेपोत मेकॅनिक, आवाजावरून गाडीचा आजार ओळखणारे. मी पोळ्या लाटत होते. मध्येच त्यांनी विचारलं, लाटणं एकदा फिरवून थांबतेस का? पूर्वी तर सटासट लाटायचीस. मी म्हटलं, पोळी गोल हवी ना, मग गप्प खा. त्यांनी गप्प खाल्लं.

भाद्रपद संपता संपता माझी साडी मागावरून उतरली. जांभळं अंग, हिरवे काठ, पदरावर मोर. सुमित्राची तिच्या आधीच उतरली होती. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सगळ्या साड्या तात्यांच्या ताब्यात दिल्या. मी माझी साडी देताना तिच्यावरून एकदा हात फिरवला. छान वाटली. आपली साडी आपल्याला छानच वाटते, आणि रोज थोडी थोडी हातातून गेलेली असली की तिच्यात वेगळं काही जाणवत नाही.

खंडेनवमीला माग बंद. सकाळी सगळ्यांनी आपापला माग पुसला, फणीला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पूजा झाली की आमच्या शेडची एक रीत आहे. बाहेर कुठे असेल नसेल, मला माहीत नाही. तात्या एकटे आत राहतात, बाकी सगळ्या बाहेर ओट्यावर. आत ते लांब चटईवर साड्या मांडतात, घडी अशी घालून की काठ आणि पदर आत जातील आणि नुसतं अंग वर राहील. काठ-पदर सगळेच सजवतात, कस अंगात कळतो, असं त्यांचं म्हणणं. मांडलेल्या साड्यांवर पांढरी चादर. प्रत्येक साडीच्या डोक्याशी एक वाटी. मग एकेकीने आत जायचं, चादरीखाली हात घालून प्रत्येक साडी चाचपायची, आणि जी सगळ्यात चांगली लागेल तिच्या वाटीत आपल्या मागावरची एक कांडी टाकायची. कांडीला ज्याच्या त्याच्या रेशमाचा रंग, त्यामुळे कोणी कोणाला पसंत केलं ते चादर काढली की उघड. मागून कुजबुज नको म्हणून तसं. रेशीम सगळ्यांना सोसायटीचंच असतं, त्यामुळे बोटांना काही वेगळं लागलं तर ते हाताचंच.

एकच बंधन. स्वतःच्या वाटीत स्वतःची कांडी टाकायची नाही. हे कोणी वेगळं सांगतही नसे, कारण स्वतःचं कापड हाताला न कळणारी बाई आमच्यात नव्हतीच.

माझ्याआधी सुमित्रा आत गेली. बराच वेळ लावला तिने. बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळाला आठी होती आणि ती कोणाकडे न बघता ओट्याच्या टोकाला जाऊन बसली. तिला कठीण गेलं हे बघून मला जरा हुशारी आली. मी पदर खोचून आत गेले.

पहिल्या दोन-तीन साड्या साध्याच होत्या. नव्या बायकांच्या, कुठे घट्ट कुठे ढिल्या. मग हात एका साडीवर पडला आणि मला हसू आलं. घट्ट, भरीव, दोनदा बसवलेला धागा. ही माझी. बोटांनी लगेच ओळख दिली. मी तिच्यावरून हात काढला आणि निर्धास्त झाले, कारण आता पुढे काय येईल ते माझं नव्हतं.

पुढच्या दोन सोडून तिसरी हाताला लागली.

काय सांगू. हात तिच्यावर ठेवला आणि तो उचलवेना. कुठे दाब नाही, कुठे ढिलाई नाही. धागा धाग्याशेजारी आपणहून येऊन बसल्यासारखा. बोटांखाली कापड आहे की नुसता गारवा आहे असं वाटावं इतकं सरळ. मी चार वेळा हात फिरवला, उलटा फिरवून बघितला, कुठे तरी अडेल म्हणून. अडला नाही. सुमित्रा, असं मी मनात म्हटलं, आणि इतके महिने जे बघायचं टाळलं होतं ते माझ्या तळहाताखाली पसरलं होतं.

मला रडू आलं. रागाने आलं. माझ्या मुठीत जांभळी कांडी होती. ती कुठेही टाकता आली असती. मागच्या एखाद्या कच्च्या साडीच्या वाटीत टाकली असती तर कोणी काय म्हणणार होतं? आवडली, म्हणायचं. कांडी धरलेला हात दोनदा मागे गेला. पण बोटांना इतकं कळलेलं असताना ती दुसरीकडे टाकवेना. मी दात आवळले आणि कांडी त्याच वाटीत टाकली. जा, घे खिडकी, असं म्हणूनच टाकली. पुढच्या साड्यांना मी हातही लावला नाही. तात्यांनी विचारलं, झालं इतक्यात? मी मान हलवली आणि बाहेर आले.

बाहेर आल्यावर मात्र मला हलकं वाटलं. हरायचंच असेल तर आपल्या हाताने हरावं, असा काहीतरी विचार करून मी स्वतःवरच खूश झाले. सुमित्राकडे बघून हसलेसुद्धा. तिने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं.

सगळ्यांचं झाल्यावर आम्ही आत गेलो. तात्यांनी चादरीचं टोक धरलं आणि हळूहळू ओढत नेली. एकेक साडी उघडी होत गेली. पोपटी, कुसुंबी, राणी. घट्ट विणीची, जिला मी माझी म्हणून सोडलं होतं, ती निघाली आंबा रंगाची. इंदूची. तिच्या वाटीत दोन-तीन कांड्या होत्या. मग माझी कुठली? मला अजून नीट कळलं नव्हतं. चादर पुढे सरकली.

जांभळी साडी. वाटी कांड्यांनी भरलेली. आणि सगळ्यात वर माझी जांभळी कांडी.

इंदू पुढे वाकली, कांडी उचलून बघितली आणि पुन्हा ठेवली. "पमे," ती म्हणाली, "स्वतःच्याच वाटीत?"

मी तोंड उघडलं. मला ती सुमित्राची वाटली, एवढंच सांगायचं होतं. तेवढं सांगितलं की सुटले असते. पण ते सांगायचं म्हणजे तिचं कापड माझ्याहून सरस आहे हे सगळ्यांसमोर म्हणायचं. आणि त्याहून वाईट म्हणजे माझं कापड मला ओळखता आलं नाही हे म्हणायचं. मी उघडलेलं तोंड मिटलं. पलीकडच्या ओळीतली एक जण म्हणाली की नाहीतरी मिळणारच होती, मग एवढी हाव कशाला. तात्या माझ्याकडे बघत होते. त्यांना फसवणुकीचा राग येतो तसा चेहरा नव्हता. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि ते मला जास्त लागलं.

"पमाताईंनी लबाडी नाही केली," सुमित्रा म्हणाली.

ती सगळ्यांच्या मागे उभी होती. पुढे आली, माझ्या साडीशी बसली आणि तिच्यावर हात ठेवला.

"मला ही माझी लागली," ती तात्यांना म्हणाली. "मग पुढची हाताला आली, ती पण माझीच लागली. दोन दोन साड्या माझ्या कशा असतील? कुठली माझी ते कळंना. म्हणून दोन्ही सोडल्या अन् कांडी इंदूताईंना टाकली."

सगळ्यांनी वाट्यांकडे बघितलं. इंदूच्या वाटीत सुमित्राची मोतिया कांडी होती. सुमित्राची साडी माझ्या लगतच पुढे होती, जिच्यापर्यंत मी पोचलेच नव्हते.

तात्या गुडघ्यांवर हात ठेवत खाली बसले. त्यांनी डोळे मिटून एक हात माझ्या साडीवर ठेवला, एक तिच्या. कितीतरी वेळ दोन्ही हात फिरवत राहिले. मग डोळे उघडून म्हणाले, "पमाने रीत मोडली नाही. पमाला आपली साडी कळली नाही."

त्यापेक्षा त्यांनी मला लबाड म्हटलं असतं तर मी आनंदाने ऐकून घेतलं असतं. लबाड बाईचा हात तरी तिचा तिच्याकडे राहतो. बायका आता माझ्याकडे रागाने बघत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या, आणि मग त्यांच्या नजरा हळूच सुमित्राकडे जात होत्या. इंदूने माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो झटकला.

तात्यांनी कांड्या वेगळ्या केल्या. माझी काढून टाकली तरी माझीच वाटी भरलेली होती. ते म्हणाले, खिडकी पमाची.

मी त्या वाटीकडे बघत होते. पोपटी, राणी, कुसुंबी, सगळ्या रंगांच्या कांड्या माझ्या वाटीत होत्या आणि त्यातली एकही मला मिळालेली नव्हती. ज्या हाताला त्यांनी पसंत केलं होतं तो हात माझ्या बाजूला खाली बसून साडीची घडी नीट करत होता.

"मला नको," मी म्हटलं. "सुमित्राला द्या."

तात्या म्हणाले, विचार कर, एकदा दिली की परत मिळत नाही. मी म्हटलं, केला विचार. इंदूच्या डोळ्यांत पाणी आलं. पलीकडच्या ओळीतली, जी मघाशी हाव म्हणाली होती, तिने माझा हात हातात घेऊन दाबला. केवढं मन, असं कोणीतरी म्हणालं, आणि ती गोष्ट येवल्यात पुढे कितीतरी दिवस सांगितली गेली. माझ्या सासूबाईंनी तर पाहुण्यांनाही सांगितली. मी कधी कोणाला दुरुस्त केलं नाही.

एकट्या सुमित्राला ते खरं वाटलं नसावं. ती उठून माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मला लांब बसवायचंय ना तुम्हाला?"

"हो," मी म्हटलं.

"मी मुद्दाम नाही केलं, पमाताई."

"ते मला माहीत आहे," मी म्हटलं. "मुद्दाम केलं असतंस तर मी तुला सोडलं नसतं."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माग सुरू झाले. सुमित्राने आपलं सामान सकाळीच उचलून नेलं होतं. शेडच्या त्या टोकाला खिडकीच्या उजेडात ती ताणा नीट करत होती, तोंड पलीकडे, आणि तिच्या मागाचा आवाज इकडे येणार नव्हता. माझ्या उजव्या हाताला नुसता रिकामा माग. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. माझा हात मी परत आणणार होते. डोळे दुखोत, उसवावं लागो, पण तो आणणार होते.

डावीकडे इंदू मागाखाली वाकून तुटलेले धागे जोडत होती. आजूबाजूच्या बायका अजून चहाशी होत्या. मी धोटा टाकला, फणी धरली. एक दणका, आणि लगेच दुसरा छोटा. वीस वर्षं मारत आले होते. फणी ओढायला हात आवळला तर धागा ताणून तुटेल असं वाटलं आणि मीच दचकून पकड सोडली. फणी आपल्या वजनाने आली. टप्प. दुसऱ्यासाठी हात वर केला. तो तिथेच राहिला. किती जोराने मारायचा, किती लगेच, काही केल्या आठवेना. मी पुन्हा धोटा टाकला. पुन्हा टप्प, आणि मग काही नाही. आणखी एक. आणखी एक.

"काय गं सुमित्रा," इंदू मागाखालून मान वर न करता म्हणाली, "खिडकी नाही आवडली का?"

मी फणीवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि इंदूचा माग सुरू व्हायची वाट बघत बसले, म्हणजे माझा ठोका कसा होता ते ऐकता येईल.